वहिनीची साडेदहाची भूक

आमच्या वहिनीला रोज सकाळी साडेदहाला भूक लागायची. यात काय एवढं सांगण्यासारखं, असं कुणीही म्हणेल. भूक सगळ्यांनाच लागते. पण काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात चारशे माणसं एकोणीस वर्षं त्या भुकेच्या भरवशावर जेवली. त्या वर्षांत वहिनी पातेल्यापाशी असताना एकदाही कुणी अर्धपोटी उठलं नाही, की घमेलंभर भात फेकावा लागला नाही. म्हणून सांगतो.

वहिनी कॅन्टीनची मुख्य स्वयंपाकीण आणि मी कोठीवर. तांदूळ, बटाटे, तेल, मीठ, जे लागेल ते मापून काढून द्यायचं, एवढंच माझं काम. ती माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन घरात आली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि आई नव्हती, त्यामुळे मला वाढवलं ते हिनंच. ती मला अरे-तुरे करते, मी तिला अगं-तुगं. फक्त चिडली की मी एकदम 'भाऊजी' होतो आणि 'तुम्ही'सुद्धा होतो. तो सूर कानावर पडला की मी कोठीचं दार आतून लावून घेतो. मी वहिनी म्हणतो म्हणून सगळा कारखाना तिला वहिनी म्हणतो, अगदी तिच्या वडिलांच्या वयाचे भट्टीवालेसुद्धा.

तिची पद्धत अशी. सकाळी सहाला एक कप चहा, मग पोटात काही नाही. साडेदहाला भूक लागली की ती कोठीच्या दारात यायची, कमरेवर हात ठेवायची आणि सांगायची, "आज आठ." आठ म्हणजे पत्र्याच्या पाच किलोच्या डब्यानं आठ डबे तांदूळ. कधी साडेसात, कधी पावणेनऊ. बाकीचं सगळं त्या आकड्यावरून ठरायचं.

"कशावरून?" मी विचारायचो.

"पोटाला विचारलं."

"पोट काय म्हणालं?"

"म्हणालं, कोठीवाल्याला सांग, तोंड कमी चालव आणि हात जास्त."

थंडी पडली की माणसं जास्त जेवतात, सुट्टीच्या आदल्या दिवशी घरी पळायच्या घाईत कमी जेवतात, हे तिला एकोणीस वर्षांत ठाऊक झालंच असणार. पण तिला विचाराल तर तिचं म्हणणं एकच. मी जितकी भुकेली तितकी ती माणसं भुकेली. मी थट्टा करत मापायचो, आणि दुपारी तीनला पातेल्याच्या तळाशी बरोबर एक ताट उरलेलं बघायचो. ते ताट तिचं. पाय पसरून, पदर कमरेचा सोडून ती ते सावकाश जेवायची.

शिवाय पहिलं ताट होतं, ते वेगळंच. पावणेबाराला कॅन्टीनचं शटर उघडायच्या आधी मुख्य स्वयंपाकिणीनं जाळीपाशी उभं राहून, बाहेरच्या रांगेसमोर, एक ताट पूर्ण संपवायचं आणि मग "चालेल" म्हणायचं. तेव्हाच शटर वर जायचं. ही रीत कुणी पाडली ते कुणालाच आठवत नाही. रांगेत सगळ्यांत पुढे भट्टीवरचा तो उंच माणूस असायचा, ज्याला आम्ही 'डबल' म्हणतो. तो दोनदा घेतो म्हणून डबल. वहिनी जेवताना तो तिच्या घासांकडे बघून हळूहळू खूश व्हायचा.

आता दुसरी बाजू. वहिनीचं वजन एकशे बावीस किलो झालं होतं. गुडघे गेले होते, साखर गोळ्यांना जुमानत नव्हती, आणि गोदामाच्या चार पायऱ्या चढताना ती दोनदा थांबायची. लहानपणापासून तिनं 'खादाड' हा शब्द ऐकला होता आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच त्यावर हसून घ्यायची सवय लावून घेतली होती. उपाय करून करून थकली होती बिचारी. एकदा सहा महिने ती नुसत्या पाण्यासारख्या सुपावर राहिली. चारशे माणसांचं रांधायची आणि स्वतः वाटीभर सूप प्यायची. अकरा किलो उतरली आणि पुढच्या चार महिन्यांत चौदा चढली. लोक म्हणाले, मनाचा निग्रह नाही. ज्यांना एका बैठकीत एक बिस्किट खाऊन थांबता येत नाही, ते म्हणाले.

शेवटी डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सांगितलं. दादा, म्हणजे माझा भाऊ, बाटल्या तपासायच्या लाईनवर आहे. दिवसभर उजेडासमोरून सरकणाऱ्या बाटलीत बुडबुडा शोधणं हे त्याचं काम, त्यामुळे बोलणं कमी. तो एवढंच म्हणाला, "मला तू हवीस. कितीही किलोची." वहिनी त्याच्यावर खेकसली आणि मोरीत जाऊन रडली. मग ऑपरेशनला तयार झाली.

कारखान्यात मात्र तिनं पित्ताशयातले खडे काढायचेत असं सांगितलं. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "खरं कळलं तर मला पातेल्यापाशी कोण उभं करेल? पोट कापलेली बाई काय रांधणार म्हणतील. तुझ्या तोंडून एक अक्षर बाहेर पडता कामा नये." मी शपथ घेतली. मला तेव्हा ते काम सोपं वाटलं होतं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण त्यानंतर जे सुरू झालं ते आमच्यापैकी कुणालाच कळेना.

तिला भूक लागेना. कमी लागत होती असं नाही, लागतच नव्हती. पहिले काही दिवस आम्ही म्हटलं, ताजी जखम आहे. तीन आठवडे झाले, चार झाले. ती घड्याळाकडे बघायची आणि म्हणायची, "साडेदहा झाले ना? मग?" बसथांब्यावर न येणाऱ्या बसची वाट बघतात तशी ती स्वतःच्या पोटाची वाट बघत बसायची. दादानं मोबाइलवर गजर लावले, दिवसातून सहा. गजर वाजला की ती चार चमचे सूप प्यायची आणि पाचव्याला हात वर करायची. गळ्याशी आल्यासारखं व्हायचं तिला. कांदा परतल्याचा वास, जो एरवी तिला चालत्या बसमधून उतरवेल, त्यानं तिला मळमळायला लागलं. दादा तिच्यासमोर जेवायला लाजायचा. अर्धी पोळी ताटात लपवून ठेवायचा. मग ती ओरडायची, "खा की! मी काय मेलेय का?" आणि तो घाबरून दोन घास एकदम घ्यायचा.

इस्पितळात आहार सांगणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांच्याकडे मी वहिनीबरोबर गेलो. त्यांनी कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं पोट काढलं, वरच्या बाजूला फुगीर.

"हा फुगवटा आहे ना," मॅडम म्हणाल्या, "इथे एक संप्रेरक तयार होतं, घ्रेलिन म्हणतात. ते रक्तातून मेंदूपर्यंत जातं आणि सांगतं, जेवायची वेळ झाली. तुमचा हा भाग आम्ही काढला. त्यामुळे तो निरोप फार कमी जातो. शिवाय आता अन्न आतड्यात लवकर पोचतं. आतड्यातही संप्रेरकं असतात, ती मेंदूला 'पुरे' म्हणून सांगतात. ती आता लवकर आणि जोरात सांगतात."

वहिनीनं त्या फुगवट्यावर बोट ठेवलं. मग तिनं विचारलं, "काढलेला भाग कुठाय?"

मॅडम जरा गोंधळल्या. "तपासणीला जातो. मग... नष्ट करतात."

"जाळतात?"

"हो."

"बरं," वहिनी म्हणाली. मग पुन्हा, "म्हणजे इतकी वर्षं मी खात होते ते मी खात होते, की तुमचं ते संप्रेरक खात होतं?"

"तसं अगदी सोपं नसतं. सवय असते, मन असतं, घरचं वातावरण असतं. पण भूक ही तुमची चूक नव्हती, एवढं नक्की सांगते."

हे ऐकून वहिनीला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ती उठली, पर्स घेतली आणि जिन्यात पोचल्यावर म्हणाली, "चूक माझी नव्हती. ठीक. मग आता वजन उतरतंय त्याची पुण्याईही माझी नाही. मग माझं काय आहे रे यात?"

निघताना मॅडम म्हणाल्या होत्या की वर्ष-दीड वर्षात भूक थोडीफार परत येते, कुणाला जास्त, कुणाला कमी, आणि का ते नीटसं कळलेलं नाही. ते मात्र आम्ही दोघांनीही तेव्हा कानाआड केलं.

दीड महिन्यानं ती कामावर परतली, वीस किलो कमी होऊन. लोकांना काय, खडे काढले की माणूस वाळतो असं वाटलं, आणि नाही म्हटलं तरी चारचौघी म्हणाल्याच, "काय बाई निग्रह केलास!" वहिनी त्यांच्याकडे अशी बघायची की त्या पटकन भाजी चिरायला लागायच्या. निग्रह केला होता तेव्हा कुणाला दिसला नव्हता. आता काही न करता दिसत होता.

तिच्या गैरहजेरीत नव्या सुपरवायझरनं एक तक्ता भिंतीला चिकटवला होता. दरमाणशी इतके ग्रॅम तांदूळ, इतके ग्रॅम बटाटे. आम्ही त्या माणसाचं नावच 'तक्ता' ठेवलं. त्याच्या कागदाप्रमाणे रांधलं तर शनिवारी पातेलंभर उरलं आणि सोमवारी पन्नास जणांना पाव खाऊन उठावं लागलं. त्यामुळे वहिनी आली तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. एक मीच काळजीत होतो.

पहिल्या ताटाचं आम्ही जमवलं. ती रांगेसमोर भरलेलं ताट घ्यायची, दोन घास खायची, मग "मीठ बघते" असं काहीतरी पुटपुटत आत वळायची. आत पोत्यांच्या मागे मी. उरलेलं ताट मी घशाखाली ढकलायचो आणि रिकामं ताट तिच्या हातात द्यायचो. ती बाहेर जाऊन ते उपडं करून दाखवायची आणि "चालेल" म्हणायची. तीन महिन्यांत मी सात किलो चढलो. तिचं उतरलेलं वजन घरातल्या घरात राहिलं म्हणायचं.

अंदाजाचं मात्र जमेना. पहिले चार-सहा दिवस तिनं आठवणीवर काढले. मग एके दिवशी ती कोठीच्या दारात आली, कमरेवर हात ठेवले आणि उभीच राहिली. भरलेल्या डब्यांकडे बघत म्हणाली, "आठ? एवढं कोण खाणार रे? बघूनच कसंसं होतंय. सात कर."

मला माहीत होतं की आठ लागणार. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी "बरं" म्हटलं, आणि ती पाठमोरी झाल्यावर टबात आठवा डबा ओतला. तांदूळ धुवायचं काम मावशी करते. ती टब उचलून न्यायची, डबे मोजायचं काही कारण नव्हतं तिला.

त्या दिवशी सगळं बरोबर पुरलं. संध्याकाळी वहिनी किती दिवसांनी हसली! "बघितलंस? सातच पुरले. भूक नसली म्हणून काय झालं, अंदाज माझ्या हातात आहे." मी मान डोलावली. मला वाटलं, एक डबा तर आहे, कुणाचं काय जातंय.

आता मूर्खपणा बघा माझा. सात डबे सांगून पातेली काठोकाठ भरली की तिला वाटायचं, सातही जास्तच. म्हणून ती साडेसहावर आली. मी दीड घातले. मग सहा. मी दोन. तिचा शब्द खाली खाली जात होता आणि माझा हात वर वर. रात्री अंथरुणावर पडलो की ठरवायचो, उद्या सांगायचं. सकाळी ती दारात यायची, आकडा सांगायची, आणि एवढ्या विश्वासानं सांगायची की मी नुसता डबा भरायला घ्यायचो. तिला वाटत होतं पोट गेलं तरी आपलं कसब शाबूत आहे. ते कसब नव्हतं, तो मी होतो. आणि हे तिला कसं सांगणार?

ऑपरेशनला पाच महिने झाले होते. माझी दाढ इतकी ठणकायला लागली की एक दिवस सुट्टी काढून ती उपटून घेण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. कोठीची किल्ली मी मावशीकडे दिली. दिली तेव्हा माझ्या डोक्यात फक्त दाढ होती. मी तोंडात कापूस धरून खुर्चीत आडवा पडलो, वर दिवा, आणि एकदम आठवलं. आता उठून पळणार तर डॉक्टरची पक्कड दाढेवर.

मी पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. कॅन्टीनमधून नेहमीचा कलकलाट येत नव्हता. शटर वर होतं, म्हणजे पहिलं ताट तिनं माझ्याशिवाय कसंबसं निभावलं असणार, आणि आत सव्वाशे माणसं ताटं घेऊन उभी होती. पातेली रिकामी होती. वहिनी झारा हातात धरून उभी होती. तिच्यासमोर डबल. भट्टीच्या पाळीतून उतरलेला, शर्टावर घामाचं मीठ पांढरं उमटलेलं, ताट कोरडं. त्या दिवशी पाळी उशिरा सुटली म्हणून तो रांगेत मागे पडला होता. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "असू दे वहिनी. होतं कधीकधी."

वहिनीनं मावशीला विचारलं, "तांदूळ फुललाच नाही. नवीन पोतं काढलंस का?"

"पोतं तेच," मावशी म्हणाली. "पण रोज आठ डबे असतात, आज तुम्ही पाच सांगितलेत. मी पाच घातले."

"रोज आठ?"

"आठच की. टब उचलून माझी कंबर जाते रोज."

वहिनीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात कापूस होता आणि गाल सुजलेला. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुम्ही किती घालत होतात?"

मी बोटं दाखवली. तीन.

"किती दिवस?"

त्याला माझी बोटं पुरण्यासारखी नव्हती.

तिनं झारा ठेवला, हात पुसले. मला वाटलं आता ही घरी जाईल आणि परत येणार नाही. तेवढ्यात तक्ता आला. तो ओरडला नाही, उलट चांगल्या शब्दांत म्हणाला की सोमवारपासून मापं भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे निघतील आणि वहिनींनी भाजी चिरण्याकडे बसावं, त्यांच्या तब्येतीलाही बरं. त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना, याचाच जास्त राग आला. एकोणीस वर्षं ज्या पातेल्यापाशी ती उभी होती, तिथून तिला हलवायला एक वाक्य पुरलं. वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता.

ती जाळीपाशी गेली. पहिलं ताट खाते तिथेच, बरोबर त्याच फरशीवर उभी राहिली.

"ऐका," ती म्हणाली. "मला खडे नव्हते. माझं पोट कापून लहान केलंय. तेव्हापासून मला भूक लागत नाही. पहिलं ताट मी खात नाही, माझा दीर खातो, म्हणून तो असा दिसतो. आणि अंदाजही माझा नाही, त्याचाच. मी सांगते ते चुकतं. का चुकतं ते मला कळत नाही. मी बघते तेव्हा मला खरंच तेवढं पुरेसं वाटतं. आज तुमची ताटं रिकामी राहिली, त्याची माफी मागते."

डबलनं हातातलं ताट खाली केलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्हाला अजिबातच भूक लागत नाही?"

"नाही."

"मग तुम्ही जेवता कशा?"

"गजर लावून."

डबलच्या चेहऱ्यावर इतकं दुःख मी कधी बघितलं नव्हतं, त्याच्या स्वतःच्या रिकाम्या ताटासाठीसुद्धा नाही. तो म्हणाला, "अहो, मग मला विचारायचं! मला नऊ वाजल्यापासून लागलेली असते."

कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. मावशीनं पाव आणि उकडलेली अंडी काढली आणि तो दिवस कसाबसा निभावला. वहिनी तक्त्याला म्हणाली, "आठ दिवस द्या. एकदा जरी कमी पडलं तर मी आपणहून भाजीकडे बसेन." त्यानं विचार केला आणि मान हलवली. वाईट माणूस नाही तो, फक्त त्याला भिंत दिसली की काहीतरी चिकटवावंसं वाटतं.

माझ्याशी मात्र ती बोलेना. घरी ताट वाढायची तेही "भाऊजी, घ्या" म्हणून. मी एकदा म्हटलं, "वहिनी, मी तुझ्या भल्यासाठीच..." ती म्हणाली, "भल्यासाठी तुम्ही मला वेड्यात काढलंत. मला वाटलं, एवढी एक गोष्ट तरी माझी उरली." दादा ताटात बघत होता. मी आतल्या खोलीत गेलो. मी केलं ते चूक होतं की बरोबर, याचा मी तेव्हा फार विचार केला आणि माझं काही ठरलं नाही. आजही कुणी विचारलं तर आधी हो म्हणेन आणि मग नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला वहिनी भट्टीकडे गेली. गुडघे आता बरे होते, वाटेतल्या गोदामाच्या चार पायऱ्या ती न थांबता चढली. तिनं डबलला विचारलं, मग शेजारच्याला, मग बाटल्या खोक्यांत भरणाऱ्या बायकांना. नुसतं "भूक लागली का" असं नाही. कुठे लागलीय, कशी लागलीय, कालच्यापेक्षा जास्त की कमी, काय खावंसं वाटतंय, असं खोदून खोदून. लोक आधी लाजले, मग सांगायला लागले. एवढं बारकाईनं त्यांना कुणी कधी विचारलं नसेल. परत येऊन ती कोठीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, सव्वाआठ. मोजून, माझ्यासमोर." सव्वाआठ पुरले. आठवा दिवस उलटला तेव्हा तक्त्यानं भिंतीवरचा कागद काढला नाही, पण त्यावर पाळ्यांचं वेळापत्रक चिकटवलं. पहिलं ताट डबल खायला लागला. वहिनी समोर उभी राहून त्याच्या चेहऱ्याकडे बघायची आणि मग "चालेल" स्वतः म्हणायची. तीनला पातेल्याच्या तळाशी काही उरत नसे. उरायला आता तिथे कुणाचं ताट नव्हतं.

असं जवळजवळ वर्ष गेलं. ती एक्याऐंशी किलोंवर आली, साखरेच्या गोळ्या सुटल्या. मी पुन्हा 'तू' झालो होतो, पण अधूनमधून, विसरून.

मग एके दिवशी साडेदहाला, भट्टीकडे जायच्या वेळी, ती कोठीत आली आणि पोत्यावर बसली. हात पोटावर. चेहरा घाबरलेला.

"काय झालं? दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही. बघ ना, इथे काहीतरी होतंय. पोकळ. कळ नाही, पण... थांब, पुन्हा झालं."

"वहिनी, भूक असेल."

"गप्प बस," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "भूकच असेल तर? परत सगळं तसंच झालं तर? एकशे बावीस? आणि भूक नसेल, नुसती आठवण असेल तर?" मग म्हणाली, "मी तिची फार वाट बघत होते रे. आणि आता आली तर पळून जावंसं वाटतंय."

भूक थोडीफार परत येते, हे मॅडमचं निघतानाचं बोलणं मला तेव्हा आठवलं. मी ते तिला सांगितलं. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. ती उठली, कमरेवर हात ठेवले. डोळे अर्धवट मिटले.

"पावणेआठ," ती म्हणाली.

माझ्या मते साडेआठ लागणार होते. थंडी होती, भट्टीची दोन्ही तोंडं चालू होती. मी पावणेआठ घातले. सवयीनं हात पुन्हा पोत्याकडे गेला आणि तिनं माझं मनगट धरलं. मी हात मागे घेतला.

पावणेबारा ते तीन माझा जीव टांगणीला लागला होता. मी कोठीच्या दारातून नुसती ताटं मोजत होतो. डबलनं दोनदा घेतलं. मग तिसऱ्यांदा आला, मेला, आणि वहिनीनं त्याला अर्धा झारा दिला. तीन वाजता शटर खाली आलं. मी पातेल्यात वाकून बघितलं.

तळाशी भात होता, रस्सा होता. बरोबर एक ताट.

वहिनीनं ते वाढून घेतलं आणि भिंतीला टेकून पाय पसरून बसली, पूर्वी बसायची तशीच, पण आता ताटाच्या मागे एवढीशी दिसत होती. एक घास घेतला. सावकाश चावला. दुसरा, तिसरा, चौथा. सातव्या घासाला ती थांबली आणि ताटाकडे बघत राहिली. ती खूश होती की दुःखी, मला नाही सांगता यायचं. तिलाही कळत नसावं.

मी सवयीनं पोत्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो होतो.

"तिकडे काय करतोयस?" तिनं हाक मारली. "उरलेलं तू खा. पण मागे लपून नाही. इथे ये, माझ्यासमोर बस."